चार बोटं उशिरा

दीड शेर राळे.

मोटारीचं हँडल सरळ उभं असलं की घड्याळातल्या बाराच्या काट्यासारखं दिसतं.

भिमाजीमामानं खिळे हातावर ठेवले. चार.

अंगठ्याच्या रेषांत बसलेलं काळं तेल राखेनं जात नाही. चिंचेनंही जात नाही.

वळवणच्या बायका पदराआड हसायच्या.

खालचं चाक दोन फेरे घेतं, तेव्हा वरचं एक घेतं.

बिडीचा कागद.

मला गावात पोचायचं होतं ते उजेड असताना.

*

मासिकाच्या या पानावर तुम्ही वाचता त्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. अवस असते, कुत्री रडतात, कंदील विझतो.

मी सांगतोय ते दुपारी तीनला घडलं.

वैशाख महिना. सन १९३५. लोणावळ्याला लागून असलेलं वळवण गाव, तिथं माझ्या दाजींच्या घरामागची पत्र्याची पडवी. ऊन इतकं की पत्रा तडतडत होता.

मी तिथं होतो. सबंध वेळ शुद्धीत होतो. पोटात भाकरी होती, अंगात ताप नव्हता.

रात्र असती तर बरं झालं असतं. अंधारात माणसाला काहीही भासतं, असं म्हणून मी सुटलो असतो.

*

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, महिपती. खंडाळ्याला मुंबईच्या एका शेटचा बंगला होता, तिथं ते मोटार चालवायचे. शेटनं नवी मोटार घेतली आणि जुनी दाजींना देऊन टाकली. तेव्हापासून दाजी लोणावळा स्टेशनावरून लोकांना बंगल्यांवर पोचवायचे.

बहिणीचं नाव सरू. मी तिला अक्का म्हणायचो.

मी गेणू. तेव्हा बाविशीचा होतो. नुकताच शाळामास्तर झालो होतो.

आमचं गाव पवन मावळात, दुधिवऱ्याच्या खिंडीपलीकडं. लोणावळ्याहून मळवलीपर्यंत रस्ता बरा. तिथून पुढं गाडीवाट, मग खिंडीचा चढ. उन्हाळ्या-हिवाळ्यात मोटार कशीबशी यायची.

वळवणला दुसऱ्या कुणाकडं मोटार नव्हती. त्यामुळं दुरुस्तीही दाजी घरीच करायचे, पडवीत, गाईच्या दावणीशेजारी.

आणि त्यांच्या हाताखाली असायची अक्का.

हे काम नीट सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या मोटारीच्या इंजिनात चार दट्टे होते. ते वरखाली होतात. प्रत्येकाजवळ दोन झाकणं, एक वारा आत घ्यायला आणि एक धूर बाहेर सोडायला. ही झाकणं कधी उघडायची, कधी मिटायची, हे एक दांडा ठरवतो. त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्या दांड्याच्या टोकाला एक दातेरी चाक. खाली, मोटार सुरू करायला पुढून लावतात त्या हँडलनं फिरतो त्या दांड्यावर, दुसरं दातेरी चाक. दोघांना बांधणारी एक साखळी.

साखळी एक दात इकडची तिकडं बसली तर झाकणं वेळेवर मिटत नाहीत.

मोटार चालते… पण जीव नसल्यासारखी. सपाटीला कळत नाही. चढाला कळतं.

साखळी नीट बसली का, हे बघायची दाजींची एक रीत होती. पहिल्या दट्ट्यावरचा, ठिणगी पाडणारा प्लग काढायचा. त्या भोकावर अक्कानं अंगठा दाबून धरायचा. दाजींनी पुढून हँडल सावकाश फिरवायचं. झाकणं मिटली की आत कोंडलेला वारा अंगठ्याला ढकलतो. ढकलायला लागला की अक्का म्हणायची, “आला.” पुढच्या क्षणी तिचा अंगठा भोकावरून उडायचा.

टप.

तो आवाज मला पाठ होता. ओला, छोटा. बाटलीचं बूच निघतं त्याहून हळू.

वारा हँडल उभं असतानाच यायला हवा. बरोबर उभं. दिवाळीला गेलो की मीही हौसेनं अंगठा लावून बघायचो. मलाही ते कळायचं.

गावातल्या बायका म्हणायच्या, “महिपतीची बाईल मोटारीच्या नाकात बोट घालून बसती.”

अक्का म्हणायची, “नाडी बगते मी तिची. वैदीण हाय मी.”

हळदीकुंकवाला जाताना ती उजवा अंगठा मुठीत लपवायची. काळा असायचा.

*

पौषातली गोष्ट.

अक्काला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण, म्हणून मी तिला माहेरी न्यायला आलो होतो. दाजी आम्हाला मोटारीनं पोचवणार होते.

पण इंजिनाची साखळी सैल झाली होती. दाजींनी सकाळीच नवी घालायला घेतली. चाकांवरच्या कारखान्यातल्या खुणा केव्हाच झिजल्या होत्या. दाजी चुन्याचे ठिपके लावून काम भागवायचे. त्या दिवशी घासलेटनं चाकं धुताना एक ठिपका पुसला गेला. तो त्यांनी आठवेल त्या जागी पुन्हा लावला.

मग अक्काला हाक मारली. ती पोट सांभाळत पाटावर बसली. अंगठा ठेवला.

“आला का?”

“न्हाई.”

“आता?”

“न्हाई म्हन्ते नव्हं? फिरवा की. घाई कसली?”

“आता तरी?”

“आला.” ती थांबली. “पर उशिरा आला.”

“उशिरा म्हंजे?”

“हँडल बगा तुमचं. उभं व्हऊन फुडं गेलं, मंग आला. चार बोटं उशिरा.”

दाजींनी चुन्याचे ठिपके बघितले. ठिपक्यासमोर ठिपका होता.

“सरे, ठिपकं जुळल्यात. दोन जिवांची हाईस, बोटं सुजल्यात तुजी. अंगठ्याला काय कळतंय आता?”

“बोटं सुजल्यात. अक्कल न्हाई सुजली.”

दाजी हसले. मी हसलो. तीही हसली, पण अंगठा काढला नाही.

“पुन्यांदा फिरवा,” म्हणाली.

पुन्हा फिरवलं.

“उशिराच हाय.”

दाजींना घाम आला होता. साखळी पुन्हा उतरवायची म्हणजे दोन तासांचं काम. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“मास्तर, तू बग बरं. शिकल्याला माणूस हाईस.”

अक्का सरकली. मी अंगठा ठेवला. दाजींनी हँडल फिरवलं.

हँडल उभं झालं… काही नाही.

हँडल पुढं गेलं… आणि वारा आला.

चार बोटं.

मी खरं सांगतो मला काय सुचलं ते. मला सुचलं की दोन तास गेले तर अंधार पडेल. माझ्या बहिणीच्या नवऱ्याची मोटार, त्यात मी मास्तर पुढं बसलेला, असं गावात उतरायचं होतं. पारावर लोक असताना. अंधारात उतरलो तर कोण बघणार?

मी म्हणालो, “बरोबर हाय दाजी.”

अक्कानं माझ्याकडं बघितलं.

पदराला अंगठा पुसला आणि उठली.

दाजींनी इंजिनाचं पुढचं झाकण बसवलं, बोल्ट आवळले. दिवस मावळायच्या आत आम्ही गावात उतरलो. पारावर लोक होते. सगळ्यांनी बघितलं.

*

शिमगा झाला आणि चार दिवसांनी अक्काला कळा सुरू झाल्या.

एक दिवस गेला. रात्र गेली.

आमच्या वर डोंगराच्या वाडीवरची सारजाबाई सुईण होती. भल्या भल्या बाया तिनं सोडवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली आणि म्हणाली, “माज्या हातचं न्हाई ह्ये. आडवं हाय. डागदरकडं न्या.”

मी मळवलीपर्यंत पळत गेलो. स्टेशनावरून दाजींना निरोप धाडला. दाजी मोटार घेऊन आले, मला वाटेत घेतलं. मोटार रिकामी होती तरी खिंड चढताना वाफ सोडत होती.

“नवी साखळी हाय,” दाजी म्हणाले. “बसंल हळूहळू.”

मी वाफेकडं बघत होतो.

डॉक्टरकडं जाताना मोटारीत आम्ही चौघं. दाजी, मी, मागं सारजाबाई, तिच्या मांडीवर अक्का. शिवाय एक घागर पाणी.

खिंडीच्या निम्म्यात मोटार थांबली.

दाजींनी खाली उतरून रेडिएटरचं झाकण उघडलं. वाफेचा लोट आला. थोडा वेळ जाऊ दिला, घागरीतलं पाणी ओतलं. दहा-वीस हात वर गेली… पुन्हा थांबली. पुन्हा पाणी. मी मागून ढकलत होतो. पाय घसरत होते. इंजिन घरघरत होतं, पण ओढत नव्हतं.

असं तीनदा झालं.

मग अक्का म्हणाली, “पानी.”

घागर रिकामी होती.

सगळं मोटारीला ओतलं होतं.

मी घागर घेऊन खाली झऱ्याकडं पळालो. परत आलो तेव्हा दाजी रस्त्यावर बसले होते. अक्काचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. सारजाबाई तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती, उगीचच.

ऊन कलायला लागलं होतं. तीन वाजले असतील.

मी घागर खाली ठेवली.

दाजी म्हणाले, “दे तिला.”

मी ओंजळीनं पाणी तिच्या तोंडाला लावलं. ते गालावरून खाली गेलं.

*

पोटात बाळ घेऊन बाई गेली तर ती अळवंतीण होऊन घराकडं येते, असं आमच्याकडं मानतात. म्हणून मसणवटीपासून घरापर्यंत वाटेवर राळे टाकतात. ती दाणे वेचत येते, एकही सोडता येत नाही, आणि घर गाठायच्या आत उजाडतं. उंबऱ्यावर लोखंडी खिळे ठोकतात. लोखंडाला ती भिते.

आईनं राळ्याचं सूप माझ्या हातात दिलं. दीड शेर होते.

मी म्हणालो, “आये, अक्का हाय ती.”

“ठावं हाय मला कोन हाय ती.” आईचा आवाज लाकडासारखा होता. “माज्या पोटची हाय. आता न्हाई. टाक, गेणू.”

मी टाकले. मूठ-मूठ. माझ्या बहिणीनं माझ्याकडं येऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी भिमाजीमामानं मला वळवणला पाठवलं. ती नवऱ्याच्या घराकडंही जाईल, म्हणाला. मी दाजींच्या उंबऱ्यावर चार खिळे ठोकले. दाजी भिंतीला टेकून बघत होते.

“ठोक,” म्हणाले. “पर कशाला? माज्या घरी का यावं तिनं? काय म्हणून?”

*

आता ती दुपार.

मोटार बैलांनी ओढून वळवणला आणली होती. ती तशीच उभी होती. वैशाख म्हणजे लोणावळ्याचा हंगाम. मुंबईची माणसं गाड्या भरभरून उतरत होती. स्टेशनावरचे बाकी मोटारवाले जेवायला बसत नव्हते. दाजी मात्र घराबाहेर पडत नव्हते.

आईनं मला त्यांना बघून यायला सांगितलं. मी पडवीत गेलो तर इंजिनाचं पुढचं झाकण खाली ठेवलेलं. साखळी, दातेरी चाकं उघडी. चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं ठेवलेले.

“बरं झालं आलास,” दाजी म्हणाले. दाढी वाढली होती. “मला एकच बगायचं हाय. तिचं बरोबर व्हतं का माजं. येवडं कळलं म्हंजे झालं.”

“आता कळून काय करायचं, दाजी?”

“तिची माफी मागायची. उगीच कशी मागू? चूक ठावं नगो व्हय?” त्यांनी हँडल लावलं. “अंगठा ठेव.”

मी मागं सरलो.

“नको दाजी. मला न्हाई जमणार.”

त्यांना वाटलं, दुःखानं म्हणतोय.

“ऱ्हाऊ दे. वाऱ्याचा आवाज येतो. मी ऐकतो.”

चारही भोकं उघडी असली की हँडल फिरवताना प्रत्येक भोकातून पाळीपाळीनं वारा सुटतो. ओळीनं नाही. आधी पहिल्यातून, मग तिसऱ्यातून, मग चौथ्यातून, शेवटी दुसऱ्यातून. हँडलच्या दोन फेऱ्यांत चार आवाज.

फुस्स… फुस्स… फुस्स… फुस्स.

दाजींनी फिरवायला सुरुवात केली.

मी दावणीजवळ पोत्यावर बसलो होतो. पत्रा तडतडत होता.

फुस्स… फुस्स… फुस्स…

मग काही नाही.

फुस्स… फुस्स… फुस्स…

काही नाही.

मी मोजलं. पुन्हा मोजलं. तीनच आवाज येत होते. चौथ्या आवाजाच्या जागी नुसती शांतता होती. दर दोन फेऱ्यांना एकदा.

दाजी थांबले.

“जड लागतंय,” म्हणाले.

“काय?”

“हँडल. मोकळं पायजे. चारी भोकं उघडी हाईत. पर एकदा जड लागतंय. कुनीतरी…”

मी उठून बघितलं. चारही भोकं उघडी होती. आत काळोख. वर काही नाही. ना फडकं, ना कचरा.

दाजींनी कानावरची बिडी काढली, तिचा कागद उलगडला, तंबाखू झटकली. तो पातळ कागद दुसऱ्या भोकावर ठेवला.

“तू बग. मी फिरवतो.”

फुस्स. कागद उडाला.

तिसऱ्यावर ठेवला. उडाला.

पहिल्यावर ठेवला.

हँडल फिरलं… जड झालं…

कागद उडाला नाही.

उलट तो खाली दबला. मधोमध. भोकाच्या कडेला त्याची गोल घडी पडली… वरून कुणी बोट दाबावं तशी. खालून वारा कोंडत होता आणि वरून काहीतरी दाबून धरत होतं.

मग…

टप.

कागद गिरकी घेत माझ्या पायाशी पडला.

दाजींनी तो आवाज ऐकला. मीही ऐकला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

गाय दावणीला शांतपणे रवंथ करत होती.

लोखंडाला भिते म्हणून मी उंबऱ्यावर खिळे ठोकले होते. आणि ती लोखंडापाशीच येऊन बसली होती. तिच्या रोजच्या जागी. पाटही तिथंच होता.

मला पळावंसं वाटलं नाही. हे कुणाला पटत नाही, पण भीती तेव्हा नव्हती. भीती नंतर आली.

दाजी फार हळू आवाजात म्हणाले, “आला का?”

हँडल फिरवलं. ते सरळ उभं झालं.

काही नाही.

पुढं गेलं…

टप.

चार बोटं उशिरा.

दाजींनी कपाळ रेडिएटरला टेकवलं. मग पाना घेतला. साखळी उतरवली. वरचं चाक एक दात सरकवलं. साखळी चढवली. महिन्या-दीड महिन्यात मी त्यांचे हात इतके स्थिर बघितले नव्हते.

“आता बग, सरे,” म्हणाले. “आला का?”

हँडल वर आलं. सरळ. बाराच्या काट्यासारखं.

टप.

“आला,” दाजी स्वतःच म्हणाले आणि तिथंच मातीत बसले.

ते रडले नाहीत. पाटाकडं तोंड करून बोलत राहिले. रोजच्या आवाजात.

“तुजं बरोबर व्हतं. एका दाताचा फरक व्हता, सरे. एक दात. मी ठिपक्यावर विसंबलो, तुज्यावर न्हाई. अंगठा सुजला म्हनालो तुला. चुकलं माजं. पानी बी… पानी बी मी मोटारीलाच वतलं.”

पुन्हा उठले, हँडल फिरवलं. टप. जणू तिनं ऐकलं.

पुन्हा फिरवलं. टप.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. हसू म्हणवत नाही. पण ती गेल्यापासून पहिल्यांदाच ते माणसासारखे दिसले.

मग माझ्याकडं वळले.

“गेणू, त्या दिशी तू बी अंगठा लावला व्हतास.”

“व्हय.”

“तुला काय लागलं? खरं सांग. मी रागावनार न्हाई. तुला बी उशिरा लागला व्हता का?”

पडवीत ऊन पडलं होतं. पाट रिकामा होता. दाजी हँडल धरून उभे होते.

मला बोलता आलं असतं. एकच शब्द होता.

मी म्हणालो, “न्हाई दाजी. मला बरोबर लागला व्हता.”

दाजींनी मान हलवली. हँडल फिरवलं.

फुस्स… फुस्स… फुस्स…

फुस्स.

चार.

ते थांबले. पुन्हा फिरवलं.

चार.

“सरे?”

हँडल मोकळं फिरत होतं. कुठंच जड लागत नव्हतं. दाजींनी कागद ठेवला. उडाला. पुन्हा ठेवला. उडाला. चारही भोकांतून वारा सुटत होता. इंजिन कसं असावं, तसं झालं होतं.

“आला का?” दाजी म्हणाले. “आला का गं? सांग की. आला का?”

दिवस मावळेपर्यंत ते फिरवत होते. तळहाताला फोड आले. मी त्यांचा हात धरला तेव्हा ते म्हणाले, “तिचं काम झालं. सांगायचं ते सांगितलं. गेली.”

त्यांना तसं वाटलं. अजून तसंच वाटतं.

ती कशानं गेली ते मला माहीत आहे.

*

पुढच्या आठवड्यात दाजींनी मोटार एकट्यानं दुधिवऱ्याच्या खिंडीत नेली. मी मागून चालत गेलो होतो, त्यांचा काही भरवसा वाटत नव्हता म्हणून. मोटार सरसर चढली. ना वाफ, ना घरघर. वर पोचल्यावर त्यांनी ती बंद केली, खाली उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

“थंड हाय,” म्हणाले. “बग, गेणू. थंड हाय.”

त्या पावसाळ्यात मसणवटीपासून आमच्या दारापर्यंत राळे उगवले. मी टाकलेले. वेडीवाकडी हिरवी रेघ, थेट उंबऱ्यापाशी. आईनं कुणाला उपटू दिले नाहीत. कणसं आली तेव्हा ती पाखरांनी खाल्ली.

दाजींनी दुसरं लग्न केलं नाही. मोटार अजून आहे. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हापासून पडवीतच उभी असते. मी दर दिवाळीला जातो. जेवण झालं की दाजी म्हणतात, “गेणू, तू व्हतास म्हनून बरं. न्हाई तर लोकांनी मला खुळ्यात काढलं असतं. तूच एक साक्षीदार.”

मी मान हलवतो.

माझ्या उजव्या अंगठ्याला त्या दुपारपासून काही कळत नाही. चहाचा तापलेला पेला धरला तरी कळत नाही. सुई टोचली, रक्त आलं, कळलं नाही. वडगावच्या डॉक्टरनं तपासलं. म्हणाला, काही झालेलं नाही, अंगठा चांगला आहे.

शाळेत मुलांना धडा वाचून दाखवताना मी पान उलटतो आणि पान खरंच उलटलं का ते डोळ्यांनी बघावं लागतं.

कधीकधी, दुपारच्या सुट्टीनंतर, वर्ग शांत असतो तेव्हा… अंगठ्याखाली काहीतरी ढकलल्यासारखं होतं. त्या मेलेल्या अंगठ्याला तेवढंच कळतं. मी हात टेबलाखाली घेतो.

उजवा हात मुठीत धरून बसतो.

दाजींना वाचता येत नाही. त्यांना हे पान कुणी वाचून दाखवेल असंही वाटत नाही. म्हणूनच लिहिलं. तोंडानं सांगायला किती वेळा गेलो. पडवीच्या दारापर्यंत जातो, पाट दिसतो, आणि परत फिरतो.

बारा वर्षं झाली.

*

पौषात माहेरी येताना खिंडीच्या चढावर मोटार तापली, तेव्हा अक्का खाली उतरली आणि वरपर्यंत चालत आली. मी आत बसून होतो.